किती किलोवर?

माझा भाचा बारावीला आहे. रात्री त्याची आई झोपली की मला मेसेज सुरू होतात. "मावशी, इनोए विरुद्ध गर्वोंटा डेव्हिस. कोण?" "मावशी, क्रॉफर्ड आणि शुगर रे रॉबिन्सन?" परवा तर "पॅकियाओ विरुद्ध टायसन" आलं, ते मात्र मला डिवचायलाच असणार. आमच्या अख्ख्या घराण्यात बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातलेली मी एकटी. तेही कॉलेजात असताना, ४८ किलो गटात, विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत. आता पतसंस्थेत हिशेब बघते, आणि ते ४८ किलो कुठे गेले हे कुणी विचारू नये. पण न्यायनिवाड्याचा मान अजून माझ्याकडेच आहे.

माझा प्रतिप्रश्न ठरलेला असतो: किती किलोवर?

त्याला वाटतं मावशी टाळतेय. त्याच्या डोळ्यासमोर दोघे विजेते उभे असतात, घंटा वाजते आणि ठोसे सुरू. पण वेगवेगळ्या वजनगटांतल्या दोन विजेत्यांना भेटायचं तर एकाला वर चढावं लागतं, नाहीतर दुसऱ्याला खाली उतरावं लागतं, नाहीतर दोघांनी मधल्या कुठल्यातरी आकड्यावर तह करायचा. तो आकडा कागदावर आला की अर्धी लढत तिथेच झाली असं समजा. त्याच दोन माणसांना दोन वेगळ्या वजनांवर उभं करा, निकाल उलटा लागू शकतो.

माझी आवडती, कधीच न झालेली लढत घेऊ. मार्विन हॅगलर विरुद्ध मायकल स्पिंक्स, साल १९८५.

हॅगलर मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनचा. १९८० पासून मिडलवेटची गादी त्याच्याकडे. मिडलवेट म्हणजे १६० पौंड, आपले साडेबहात्तर किलो. गुळगुळीत डोकं, डावखुरा पवित्रा, पण मनात आलं की पाय बदलून उजव्या हाताचा बॉक्सर व्हायचा आणि समोरच्याला कळेपर्यंत दोन ठोसे बसलेले असायचे. एप्रिल १९८५ मध्ये त्याने लास व्हेगासला टॉमी हर्न्सला तिसऱ्या फेरीत संपवलं. हर्न्सही तेव्हा खालच्या गटाचा, १५४ पौंडांचा विजेता होता, एक पायरी चढून आला होता. म्हणजे ती लढतसुद्धा आमच्या आजच्या विषयातलीच.

स्पिंक्स लाइट हेवीवेटचा विजेता. १७५ पौंड, जवळजवळ ७९ किलो. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये थोरल्या भावाला, लिऑनला, वरच्या गटात सुवर्ण. मायकलचं बॉक्सिंग बघायला काही देखणं नाही. कोपरं कुठे, गुडघे कुठे. पण त्या सगळ्या गोंधळातून उजवा हात असा यायचा की भलेभले आडवे.

उंचीत फरक मोठा: स्पिंक्स सहा फूट अडीच इंच, हॅगलर पाच फूट साडेनऊ. पण हातांचा पल्ला बघा. स्पिंक्सचा ७६ इंच, हॅगलरचा ७५. पाच इंचांनी बुटका माणूस आणि हात मात्र जवळपास तेवढेच लांब! म्हणून ही जोडी मला सोडवत नाही.

१७५ पौंडांवर लढत झाली तर मी स्पिंक्सच्या नावावर पैसे लावीन. हॅगलर १६० च्या वर कधी जगज्जेतेपदासाठी लढला नाही. त्याचं शरीर त्या आकड्यासाठी घडलेलं होतं, वर चढला असता तर अंगावर घेतलेलं वजन त्याच्या पायांना जड गेलं असतं. पंधरा फेऱ्या, स्पिंक्स गुणांवर. हॅगलर पडला नसता, त्याची हनुवटी पडणाऱ्यांतली नव्हती. पण १६८ पौंडांवर? तो सुपर मिडलवेटचा गट तेव्हा नुकताच जन्माला येत होता. तिथे स्पिंक्सला सात पौंड कमी करायला लागले असते, त्या लांबसडक शरीरातून. नवव्या-दहाव्या फेरीपासून पाय जड, आणि हॅगलर तर नवव्या फेरीनंतर ताजा व्हायचा. तेराव्या फेरीत हॅगलर.

भाचा म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बोलतेस." हो. दोन वजनं आहेत, दोन उत्तरं आहेत.

खरा स्पिंक्स त्याच वर्षी उलट्या दिशेला गेला. आहारतज्ज्ञ आणि व्यायामाचा वेगळा प्रशिक्षक ठेवून त्याने अंगावर मांस चढवलं, सुमारे २०० पौंडांचा झाला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स ४८ लढती न हरलेला. रॉकी मार्सियानोच्या ४९ शी बरोबरी करायला एकच हवी होती. पंधरा फेऱ्यांनंतर स्पिंक्स गुणांवर जिंकला. लाइट हेवीवेटच्या गादीवर असलेला विजेता हेवीवेटची गादी घेतोय, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधी कितीजणांनी प्रयत्न केला होता: कार्पेंटिए, बिली कॉन, आर्ची मूर, बॉब फॉस्टर. सगळे आडवे झाले. (तीनच वर्षांनी माइक टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवला, पण टायसन हा वजनाचा प्रश्न नव्हता, तो निराळाच प्रश्न होता.)

आता लोकांचा एक समज. वजनदार माणसाचा ठोसा जड असतो, म्हणून हलका हरतो. असतो जड, नाही कोण म्हणतं. पण खेळलेल्याला विचारा.

आमच्याकडे सरावाला ५७ किलोची एक मुलगी होती. मुली मोजक्याच, त्यामुळे सर आम्हाला एकमेकींसमोर उभं करायचे. तिचे ठोसे मी हेडगार्डवर, खांद्यावर, कोपरांवर घेऊ शकायचे, निम्मे तर चुकवायचे. खरा त्रास व्हायचा तो जवळ गेल्यावर. ती एक हात माझ्या काखेखालून घालायची, दुसऱ्याचं मनगट माझ्या मानेवर, आणि नुसती रेलायची. मारायची नाही. ओली गोधडी पाठीवर टाकल्यासारखं ते वजन खाली खाली ओढायचं. माझं कपाळ तिच्या गळपट्टीच्या हाडावर घासायचं, नाकात तिच्या बनियनचा घाम, आणि खाली पोटऱ्या थरथरायला लागलेल्या. सर "ब्रेक" म्हणेपर्यंत सात-आठ सेकंद जायचे. सुटल्यावर हात वर घ्यायला जावं तर खांदे ऐकायचे नाहीत. तिचा पहिला सरळ ठोसा तेव्हा बसायचा. बघणाऱ्याला तो ठोसा दिसतो. तो का बसला, हे मानेला विचारायचं.

हे डोक्यात ठेवून २५ जून १९५२ ची रात्र बघा. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. शुगर रे रॉबिन्सन मिडलवेटचा विजेता, आणि समोर लाइट हेवीवेटचा विजेता जोई मॅक्सिम. रॉबिन्सन साडे १५७ पौंड, मॅक्सिम १७३. म्हणजे साधारण सात किलोंचा फरक. मॅक्सिम काही फार जोरात मारणारा नव्हता. रॉबिन्सन त्याच्याभोवती नाचत होता, हवे तिथून ठोसे मारत होता, तिन्ही पंचांच्या कागदावर पुढे होता. पण उकाडा असा की रिंगच्या दिव्यांखाली पारा १०४ फॅरनहाइटला टेकलेला, आपला चाळीस सेल्सियस. रेफरी रूबी गोल्डस्टीन दहाव्या फेरीनंतर उकाड्याने थकून बाहेर, त्याच्या जागी दुसरा रेफरी आणावा लागला. मॅक्सिम काय करत होता? जवळ जाऊन मिठी मारत होता आणि रेलत होता. तेराव्या फेरीत रॉबिन्सन एक ठोसा हुकला आणि स्वतःच्याच झोकाने तोंडावर पडला. चौदाव्या फेरीला तो स्टुलावरून उठलाच नाही. दोनशेच्या वर लढती खेळलेला हा माणूस फेऱ्या पूर्ण न करता हरला तो फक्त त्या रात्री.

सगळे म्हणतात उकाड्याने हरवलं. उकाडा तर मॅक्सिमलाही होताच की! त्या उकाड्यात तेरा फेऱ्या अंगावर सात किलो जास्तीचे कोण वाहत होतं, ते बघा.

वर चढण्याचं झालं. खाली उतरणं त्याहून वाईट, आणि ते कल्पनेतल्या लढतींत कुणी मोजतच नाही. डिसेंबर २००८, ऑस्कर डे ला होया विरुद्ध मॅनी पॅकियाओ. लढत जाहीर झाली तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. पॅकियाओ त्याआधीची लढत १३५ पौंडांवर खेळलेला, आणि डे ला होया १६० पर्यंत जाऊन आलेला. लहान पोराला राक्षसासमोर टाकताय, असं म्हणणारे पुष्कळ होते. तह झाला १४७ वर. डे ला होया त्या आकड्यावर २००१ नंतर गेला नव्हता. वजनाच्या दिवशी काट्यावर उभा राहिला तर १४५ भरला, मर्यादेपेक्षाही कमी. गालफडं बसलेली. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरताना पुन्हा मोजलं तेव्हा पॅकियाओच दीड पौंडाने जास्त भरला. राक्षस लहान झाला होता आणि पोर मोठं. आठव्या फेरीनंतर डे ला होया स्टुलावरच थांबला.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी घेतात. पूर्वी लढतीच्याच दिवशी घ्यायचे. आता काट्यावरून उतरल्यापासून घंटेपर्यंत चोवीस-तीस तास मिळतात, आणि तेवढ्यात पाणी आणि जेवण पोटात जाऊन माणूस कुठल्या कुठे जातो. २०१० मध्ये अँटोनियो मार्गारिटो १५० वर उतरला आणि लढतीच्या रात्री १६५ च्या घरात होता. पॅकियाओ १४८. सतरा पौंडांचा फरक, आणि कागदावर दोघे एकाच गटात! ती लढत पॅकियाओने बारा फेऱ्यांत जवळजवळ प्रत्येक फेरी जिंकून घेतली आणि मार्गारिटोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, तो भाग वेगळा. पॅकियाओ मॅक्सिमच्या मिठीत सापडणाऱ्यांतला नव्हता. तो तिरक्या कोनातून शिरायचा, चार ठोसे, आणि मिठी मारायला हात पुढे येईपर्यंत बाजूला. उंच चढायचं असेल तर पाय असे हवेत.

हौशी बॉक्सिंगमध्ये असली चैन नाही. लढतीच्या दिवशी सकाळी काटा. आमच्या स्पर्धांना भल्या पहाटे हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मुली प्लॅस्टिकचं जॅकेट घालून दोरीवर उड्या मारताना दिसायच्या, कुणी चिंच चोखून थुंकतंय, कुणी केस कापायला निघालंय. हे सगळं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर आपल्या घराघरांत माहीत झालं, विनेश फोगाटच्या त्या १०० ग्रॅममुळे. कुस्ती असली तरी गोष्ट तीच: नेहमीची ५३ किलोची बाई ५० वर उतरवली होती.

रॉय जोन्सचं काय, असं भाचा नेहमी विचारतो. जोन्स त्याचा देव आहे. मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांचा जोन्स २२६ पौंडांच्या जॉन रुइझला गुणांवर हरवून हेवीवेट विजेता झाला. मिडलवेटच्या माजी विजेत्याने हे करून दाखवलं, १८९७ मधल्या बॉब फिट्झसिमन्सनंतर पहिल्यांदा. पण जोन्सने निवडला कोण ते बघ, असं मी त्याला सांगते. रुइझचं मुख्य हत्यार म्हणजे मिठी मारणं, आणि त्या रात्रीच्या रेफरीने ती फारशी चालू दिली नाही. रेलणाऱ्याचं रेलणं काढून घेतल्यावर उरतं काय? खरं बिल जोन्सला नंतर आलं. पुन्हा १७५ वर उतरायला ते चढवलेलं मांस झाडावं लागलं. नोव्हेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरशी कसाबसा जिंकला, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच टार्व्हरच्या एका डाव्या हाताने दुसऱ्या फेरीत खाली. तो जोन्स पुन्हा कधी परत आला नाही. वयही होतं, मान्य. भाचा फक्त वय धरतो, मी दोन्ही धरते.

टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये १५४ वरून थेट १६८ वर जाऊन कॅनेलो अल्वारेझला हरवलं, ते मला जास्त पटलं. वर्षभर लढतच घेतली नाही, आणि वजन सावकाश अंगात मुरवलं. दोन पंचांनी ११५-११३ दिलं, एकाने ११६-११२. त्याआधी अमीर खानने याच कॅनेलोसमोर १५५ वर उडी मारली होती आणि सहाव्या फेरीत ज्या रीतीने तो पडला ते मी दुसऱ्यांदा बघितलेलं नाही. केल ब्रुकने गोलोव्किनसमोर दोन गट ओलांडले, डोळ्याची खोबण मोडून घेतली. हेवीवेटमध्ये तर वरची मर्यादाच नाही, त्यामुळे तिथे अशा लढती राजरोस होतात: डिसेंबर २०२४ मध्ये उसिक २२६ पौंड आणि टायसन फ्युरी २८१. पंचवीस किलोंचा फरक, आणि जिंकला हलका. उसिक मुळात क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचा. फ्युरी रेलण्यात पटाईत, पण उसिक रेलू देईल तर ना.

इनोए-डेव्हिसचं उत्तरही देऊन टाकते, नाहीतर आज झोपू देणार नाही. १२६ वर इनोए, कारण तिथे खाली उतरेपर्यंत डेव्हिसमध्ये काही उरणार नाही. १३० वर डेव्हिस.

पण या सगळ्या अमेरिकन गाद्यांपेक्षा मला एक लढत जास्त भिडते. ती आपल्याकडे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आणि ती दोन गटांच्या विजेत्यांची होती हे जवळपास कुणी बोललं नाही.

२००८ मध्ये चीनमधल्या निंगबोला महिलांची जागतिक स्पर्धा झाली. मेरी कोम ४६ किलोत सुवर्ण. त्याच स्पर्धेत ५४ किलोत सुवर्ण पोलंडची कॅरोलिना मिखाल्चुक, आणि रौप्य इंग्लंडची निकोला अॅडम्स. मध्ये आठ किलो. एरवी या तिघींची गाठ पडायचं कारणच नव्हतं. निंगबोच्या रात्री कुणी म्हटलं असतं की मेरी आणि मिखाल्चुकची लढत लावू, तर प्रशिक्षकांनी वेड्यात काढलं असतं.

मग महिलांचं बॉक्सिंग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आलं, आणि गट किती? तीन. ५१, ६०, ७५. पुरुषांना दहा. आमच्या ४८ ला जागाच नाही. मी तेव्हा खेळणं सोडलेलं होतं, तरी तो निर्णय वाचून जीव तीळतीळ तुटला. मेरीला वर चढावं लागलं, मिखाल्चुक आणि अॅडम्सला खाली उतरावं लागलं, आणि तिघी ५१ वर येऊन भेटल्या. आपल्याकडे खाशाबा जाधव १९४८ ला फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत एक गट वर जाऊन ५७ किलोत कांस्य घेऊन आले, तेवढं सोडलं तर ऑलिंपिकमध्ये चढून पदक आणण्याची मला तरी दुसरी गोष्ट आठवत नाही.

५ ऑगस्ट २०१२. मेरीच्या जुळ्या मुलांचा वाढदिवस. समोर मिखाल्चुक. पाच फूट दोन इंचांची मेरी, दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. मेरी आत शिरायची, दोन-तीन ठोसे मारायची आणि निघायची. थांबलीच नाही. मिखाल्चुकला धरायला काही सापडेना. १९-१४. निंगबोच्या ४६ च्या सुवर्णाने ५४ च्या सुवर्णाला हरवलं. भाच्याच्या सगळ्या प्रश्नांपैकी निदान एकाचं उत्तर तर असं रिंगमध्येच मिळालेलं आहे.

तीन दिवसांनी उपांत्य फेरीत अॅडम्स. इथे जमलं नाही. अॅडम्सने अंतर सोडलं नाही, मेरी आत शिरायला गेली की एक पाऊल मागे आणि लांब हात पुढे. ६-११. अॅडम्स पुढे सुवर्ण घेऊन गेली, महिला बॉक्सिंगचं ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं. मेरीचं कांस्य. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी एक साहेब म्हणाले, "शेवटी क्लास दिसतो हो." मी कप ठेवला आणि त्यांना निंगबोची गोष्ट सांगितली, पूर्ण, वजनांसकट. त्यांचा चहा गार झाला.

त्यानंतर टोकियोत खालचा गट पुन्हा ५१. पॅरिसमध्ये ५०. तिथे आपली निखत झरीन ५२ वरून उतरून गेली आणि दुसऱ्याच लढतीत चीनच्या वू यूकडून हरली. ४८ अजूनही नाही.

मेरी मात्र २०१८ मध्ये दिल्लीत आपल्या हक्काच्या ४८ वर परतली. पस्तिशी गाठलेली, तीन मुलांची आई, आणि अंतिम लढतीत युक्रेनच्या हाना ओखोटाला ५-० ने हरवून सहावं जागतिक सुवर्ण. ती लढत पाहिली की दिसतं, ४८ वर तिला कुणावर चढायचं नव्हतं. ती मधोमध उभी होती आणि दुसरी तिच्याभोवती फिरत होती.

तेव्हा भाच्याला मीच एक जोडी दिली. मेरी विरुद्ध अॅडम्स, दोघीही भरात, ४८ किलो, सकाळी काटा, संध्याकाळी लढत.

त्याने दोन मिनिटांत लिहिलं, "अॅडम्स ४८ वर येईल कशी?"

मग मेरी.